विश्लेषण : ८०० पानी आराखडा असूनही ‘एफबीआय’चे सॉफ्टवेअर का फसले?

आधी नियोजन की थेट कोडिंग, हा वाद सॉफ्टवेअर क्षेत्रात जुना आहे. अमेरिकेच्या ‘एफबीआय’ला या प्रश्नाचे उत्तर सुमारे १७ कोटी डॉलर मोजून मिळाले.

प्रकल्प काय होता?

तपासाची माहिती कागदी फायली आणि कालबाह्य संगणक प्रणालीत अडकली होती. ती सुधारण्याचे काम २००१ मध्ये सुरू झाले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर जुनी प्रणालीच बदलून ‘व्हर्च्युअल केस फाइल’ हे नवे सॉफ्टवेअर तयार करायचे ठरले. कामाचा आवाका वाढला, मुदत मात्र आवळली गेली.

नियोजन झालेच नव्हते का?

झाले होते. गरजांची यादी ८०० पानांहून मोठी होती. पडद्यावर कोणते बटण कुठे असावे, इथपर्यंत तपशील त्यात होते. पण संस्थेच्या सर्व संगणक प्रणाली एकमेकींशी कशा जोडायच्या, याचा मूळ आराखडाच नव्हता. त्यामुळे काम सुरू झाल्यावरही मागण्या बदलत राहिल्या. डिसेंबर २००३ मध्ये हाती आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एफबीआय’ला अनेक त्रुटी आढळल्या. २००५ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला.

उशिरा केलेला बदल महाग का पडतो?

कागदावरची भिंत खोडरबराने सरकते. स्लॅब पडल्यावर तीच भिंत पाडावी लागते. सॉफ्टवेअरचेही तसेच. डेटाबेसची रचना बदलली, की त्यावर उभे असलेले स्क्रीन, अहवाल आणि चाचण्या सगळेच बदलावे लागते.

मग नियोजनाला किती वेळ द्यावा?

याचे ठरावीक प्रमाण नाही. ‘एफबीआय’ने २००६ मध्ये ‘सेंटिनेल’ हा पर्यायी प्रकल्प हाती घेतला. तोही रखडला. अखेर २०१० मध्ये संस्थेने सूत्रे स्वतःकडे घेतली. छोट्या चमूने कामाचे दोन-दोन आठवड्यांचे टप्पे पाडले आणि जुलै २०१२ मध्ये प्रणाली वापरात आली.

म्हणजेच प्रश्न पानांच्या संख्येचा नाही. माहितीची रचना, कोणाला काय पाहता येईल, जुनी माहिती नव्या प्रणालीत कशी आणायची आणि अंतिम निर्णय कोणाचा, हे नंतर बदलणे महाग पडते. सुरुवातीचा वेळ त्यासाठी राखावा. बटणाची जागा वापरणाऱ्यांना विचारून नंतरही ठरवता येते.