लायकाच्या वेषातला झोर्की

सोनेरी मुलाम्याचा छोटा कॅमेरा, अंगावर सरड्याच्या कातडीसारखं आवरण, वरच्या पत्र्यावर जर्मन गरुड आणि 'बर्लिन ऑलिंपिक १९३६' अशी कोरीव अक्षरं. लेन्सवर 'लाइत्झ एल्मार'. असा ऐवज समोर आला की हौशी माणसाचा हात खिशाकडे जातो. तो वेळीच आवरावा. वेट्झलारच्या लाइत्झ कारखान्याने असा ऑलिंपिक लायका कधी काढलाच नव्हता. समोर असतो तो बहुतेक वेळा सोव्हिएत 'फेड' किंवा 'झोर्की', मूळ नाव घासून त्यावर नवं कोरलेला.

फोनवर फोटो पाहून जुने कॅमेरे मागवणारे आता मालवण-सावंतवाडीकडेही आहेत. फसवणूक ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बाजारातल्या घड्याळजीचं भिंग, एक टॉर्च आणि थोडी सवड एवढं पुरतं.

लायकाच का, हे आधी पाहू. ऑस्कर बार्नाकने घडवलेला लायका १९२५मध्ये बाजारात आला. १९३२च्या लायका-२मध्ये लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर, म्हणजे अंतर जुळवून फोकस साधायची यंत्रणा, होता. दोनच वर्षांनी, १९३४मध्ये, खारकोव्हच्या मुलांच्या वसाहतीत त्याची नक्कल होऊ लागली. शिक्षणतज्ज्ञ आंतोन माकारेंको यांच्या देखरेखीखालची, बेघर आणि गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलांची ही वसाहत. तिला सोव्हिएत नेते फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांचं नाव होतं आणि त्याच नावाच्या आद्याक्षरांवरून कॅमेरा झाला 'फेड'. १९४१मध्ये जर्मन सैन्य खारकोव्हमध्ये घुसलं आणि उत्पादन विस्कटलं. युद्धानंतर, १९४८पासून, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये झोर्की निघू लागला. पहिल्या झोर्कीचे आठ लाखांहून अधिक नग निघाले. स्वस्त, मुबलक आणि बाहेरून हुबेहूब लायकासारखा; सोव्हिएत संघ कोसळल्यावर नकली माल करणाऱ्यांना याहून सोयीचा कच्चा माल मिळणार नव्हता.

अक्षरं कोणीही कोरू शकतो, म्हणून मी अक्षरांकडे शेवटी बघतो. आधी लेन्स फिरवून काढायची आणि मोकळ्या तोंडातून आत, वरच्या बाजूला टॉर्च मारायचा. तिथे एक दांडी दिसते. फोकस करताना लेन्स मागेपुढे होते, तिची मागची कडा या दांडीला ढकलते आणि दांडीच्या हालचालीने रेंजफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर सरकतात. लायकात या दांडीच्या टोकाला इवलंसं गोल चाक असतं, बोट लावलं तर ते गरगर फिरतं. फेड आणि झोर्कीत चाक नसतं. तिथे धातूचं भरीव, निमुळतं टोक असतं. हा भाग बदलायचा तर रेंजफाइंडरची जुळणीच नव्याने करावी लागते. नकली माल विकणारा एवढी मेहनत सहसा घेत नाही. माझ्या मते ही एकच खूण बाकी सगळ्या खुणांपेक्षा भरवशाची आहे.

मग लेन्स. समोरून आत बघत छिद्र लहान करत जायचं. एल्मारमध्ये छिद्राच्या पात्या पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात. झोर्कीवरच्या इंडुस्तार-२२मध्ये त्या आणखी एका भिंगाच्या पलीकडे, खोल दिसतात. नाव खोडता येतं, पात्यांची जागा हलवता येत नाही.

आता त्याच लेन्सवर खिडकीचा उजेड तिरका पाडा. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एल्मारची चार भिंगं तीन गटांत बसवलेली असल्याने हवेला लागणारे पृष्ठभाग सहा होतात आणि २० टक्क्यांहून अधिक प्रकाश वाया जातो. यावर झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५मध्ये उपाय काढला. भिंगावर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा पातळ थर द्यायचा. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. हिरव्या प्रकाशासाठी हिशेब नीट जमवला की निळा आणि लाल थोडा उरतो, म्हणून अशा लेन्सवर निळसर-जांभळी झाक येते. युद्धानंतरच्या सोव्हिएत लेन्सवर हा थर सर्रास असायचा. १९३६च्या म्हणवणाऱ्या लेन्सवर ती झाक दिसली तर संशय घ्यावा. मात्र काही जुन्या एल्मारांनाही युद्धानंतर असा थर दिला गेला होता, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नये.

भिंगाखाली सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो ओरखड्यांना. अस्सल मुलामा ओरखड्याने फाटतो आणि खालचं पितळ दिसतं. मुलामाच ओरखड्यात उतरलेला दिसला, तर ओरखडा आधीचा आणि मुलामा नंतरचा. बोटं आणि कातडी पाकीट जिथे घासतं त्या कडांवरच झीज हवी. आपल्या खाऱ्या हवेत पितळेला कळंक लवकर चढतो. पण पट्ट्याच्या कड्या हिरवट आणि स्क्रूच्या खाचा कोऱ्या, असं कधी आपोआप होत नाही. कोणीतरी नुकतंच सगळं उघडलेलं असतं.

अशा प्रत्येक 'ऑलिंपिक लायका'साठी एक खरा झोर्की किंवा फेड बळी गेलेला असतो, याचं मला फार वाईट वाटतं. युद्धापूर्वीच्या फेडवर वसाहतीचं नाव कोरलेलं असे आणि तो इतिहास सँडपेपरखाली कायमचा जातो. न बदललेला, रशियन अक्षरांचा कॅमेरा मिळाला तर तो जरूर घ्यावा. घेण्याआधी विक्रेत्याकडून लेन्स काढलेल्या अवस्थेतला आतला फोटो मागवावा. टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडून द्यावा.

घरी आल्यावर त्याला आपल्या पावसाळ्यापासून जपायला हवं. भिंगावर वाढणाऱ्या बुरशीच्या आम्लाने काच कायमची खरवडली जाते, म्हणून घट्ट डबा आणि सिलिका जेल हवंच. पावसाळा सरल्यावर सामानाला ऊन दाखवायची आपली रीत आहे, पण कॅमेऱ्याच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. या कॅमेऱ्यात लेन्स आणि शटरच्या मध्ये आरसा नसतो आणि शटर कापडी असतं. झाकण न लावता तो सूर्याकडे तोंड करून ठेवला, तर लेन्स ऊन एका बिंदूवर गोळा करते आणि पडद्याला जळून भोक पडतं. त्या भोकातून आलेला उजेड पुढच्या फोटोंवर पांढऱ्या ठिपक्यासारखा उमटत राहतो.