शाळेच्या सन्मानफलकावर काय लिहावं?

माजी खेळाडूंचा सत्कार म्हटलं की शाल, श्रीफळ आणि एक फलक, एवढं ठरलेलंच. पण फलकावर नुसतं पदक लिहून भागत नाही. कराडचं उदाहरण बघा.

खाशाबा जाधव (१९२६–१९८४) कराडजवळच्या गोळेश्वरचे, टिळक हायस्कुलाचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण जायला पैसे कुठले? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर गावानं बैलगाड्यांची मिरवणूक काढली. अर्जुन पुरस्कार मात्र मिळाला २००० सालचा, मरणोत्तर.

आता आपल्याकडं या. १९८०च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणानं उत्तर कन्नडातली सिद्दी मुलंमुली निवडून त्यांना धावण्या-उड्यांचं प्रशिक्षण दिलं. ती पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे. त्यांचे मास्तर तर त्याहून थकलेले. आपल्या जोयडा तालुक्यातलं जुनं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. जे लिहून ठेवलं नाही ते कसं जातं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून मला वाटतं, फलकावर खेळाडूचं नाव, खेळ आणि साल यांच्या शेजारी त्याला घडवणाऱ्या मास्तरांचं, वेळेला पैसे देणाऱ्याचंही नाव हवं. साल प्रमाणपत्र बघूनच लिहावं. आणि सत्कार करायचा तो माणूस समोर बसलेला असतानाच करावा.