प्रथिनांची घडी आणि डोमेनांमधील परस्परक्रिया : एनएमआर वर्णपटविज्ञानाचे योगदान

सारांश

प्रथिनाचे कार्य त्याच्या त्रिमितीय घडीवर अवलंबून असते. मात्र घडी पूर्ण होण्यापूर्वीच्या अवस्था आणि पूर्ण झालेल्या घडीतील हलते भाग स्फटिकाच्या अभ्यासातून पुरेसे स्पष्ट होत नाहीत. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजेच एनएमआर, या तंत्राने द्रावणातील प्रथिनाचे हे दोन्ही पैलू अभ्यासता येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झालेल्या दोन अभ्यासांच्या आधारे प्रस्तुत लेखात या तंत्राचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रथिन, घडी, डोमेन, एनएमआर, शिथिलन, लवचिकता

प्रस्तावना

प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची एक लांब साखळी होय. पेशीत तयार झाल्यावर ही साखळी विशिष्ट प्रकारे दुमडते व त्यानंतरच ती आपले कार्य करू शकते. घडीची माहिती साखळीतील ॲमिनो आम्लांच्या क्रमातच साठवलेली असते, हे ख्रिश्चन ॲन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकरावरील प्रयोगांतून दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यानंतर दोन प्रश्न शिल्लक राहिले. साखळी दुमडण्यास नेमकी कोठून सुरुवात होते? आणि एका प्रथिनात दोन किंवा अधिक स्वतंत्र घड्या, म्हणजे डोमेन, असतील तर त्या एकमेकींशी कशा वागतात?

क्ष-किरण स्फटिकशास्त्राने हजारो प्रथिनांच्या रचना उपलब्ध करून दिल्या आहेत. परंतु स्फटिकात रेणू एकमेकांलगत बांधलेले असतात, आणि घडी मोडलेल्या प्रथिनाचा स्फटिक होतच नाही. त्यामुळे वरील दोन्ही प्रश्नांसाठी द्रावणातील रेणूचे निरीक्षण करणारे तंत्र आवश्यक ठरते.

तंत्राची पार्श्वभूमी व भारतीय सहभाग

फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे केलेल्या अनुस्पंदनाच्या शोधाबद्दल त्यांना १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली हायड्रोजनसारखी अणुकेंद्रे विशिष्ट वारंवारतेच्या रेडिओ लहरी शोषून घेतात. ११.७ टेस्ला क्षेत्रात हायड्रोजनसाठी ही वारंवारता सुमारे ५०० मेगाहर्ट्झ असते. अणुकेंद्राभोवतालच्या इलेक्ट्रॉनांमुळे तिच्यात अल्पसा फरक पडतो. यालाच रासायनिक विस्थापन म्हणतात.

हा फरक रेणूची रचना कशी उलगडतो, याचा प्रसिद्ध पुरावा म्हणजे १९५१ मध्ये प्रकाशित झालेला इथेनॉलचा वर्णपट. त्यात मिथिल, मिथिलिन व हायड्रॉक्सिल या तीन गटांतील हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दिसले. त्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी एक एस. एस. धर्मट्टी हे होते. त्यांनीच पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला.

इथेनॉलमध्ये तीन संकेत असतात, तर लहानशा प्रथिनातही शेकडो असतात व ते एकमेकांवर चढतात. ही अडचण द्विमितीय वर्णपटांनी दूर केली. या दिशेने १९८० मध्ये अनिल कुमार, रिचर्ड अर्न्स्ट व कुर्ट व्यूथ्रिख यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग निर्णायक ठरला. परस्परांपासून सुमारे ५ अँगस्ट्रॉमच्या आत असणाऱ्या हायड्रोजनच्या जोड्या त्यातून ओळखता येतात. अनिल कुमार यांनी पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले. अर्न्स्ट यांना १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तर व्यूथ्रिख यांना ते २००२ मध्ये विभागून मिळाले.

वर्णपटातून घडीचे वाचन

आज प्रथिनाच्या अभ्यासाचा आरंभ सामान्यतः नायट्रोजन-१५ व हायड्रोजन यांच्या द्विमितीय वर्णपटाने होतो. निसर्गात नायट्रोजन-१५ चे प्रमाण अवघे ०.३७ टक्के असल्याने, हे समस्थानिक असलेल्या माध्यमात जिवाणू वाढवून त्यांच्याकडून प्रथिन तयार करून घेतले जाते. या वर्णपटात प्रोलिन वगळता साखळीच्या कण्यातील जवळजवळ प्रत्येक ॲमिनो आम्लाचा एक ठिपका मिळतो. घडी पडलेल्या प्रथिनात प्रत्येक घटकाचा परिसर निराळा असतो, म्हणून ठिपके दूरवर विखुरतात. घडी मोडली की सर्व घटकांचा परिसर जवळपास सारखाच, म्हणजे पाण्याचा होतो आणि ठिपके हायड्रोजनच्या अक्षावर एका अरुंद पट्ट्यात गोळा होतात. घडी आहे की नाही, हे त्यामुळे एका दृष्टिक्षेपात समजते.

मात्र मोडलेल्या घडीत कोणता ठिपका कोणत्या घटकाचा, हे ठरविणे कठीण असते. येथे टाटा संस्थेतील रामकृष्ण होसूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेले त्रिमितीय प्रयोग उपयोगी पडले. घडी मोडल्यावर हायड्रोजनचे संकेत एकत्र गोळा झाले तरी नायट्रोजनचे बऱ्याच अंशी विखुरलेलेच राहतात. या वस्तुस्थितीचा लाभ घेऊन साखळीतील शेजारी घटक एकामागून एक ओळखण्याची सोय या प्रयोगांनी केली.

पहिले उदाहरण : एचआयव्ही-१ प्रोटिएज

हे विकर प्रत्येकी ९९ ॲमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्यांचे बनलेले असते व त्याचे क्रियास्थान दोन्ही साखळ्यांच्या संगमावर असते. १९९५ पासून वापरात आलेल्या अनेक एचआयव्हीविरोधी औषधांचे लक्ष्य हेच विकर आहे. विकरात उत्परिवर्तने होऊन औषधे निष्प्रभ ठरतात, ही गंभीर अडचण आहे. म्हणून पूर्ण घडीतील क्रियास्थानाखेरीज, घडी पडण्याची प्रक्रियाच रोखता येईल का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

हे विकर स्वतःलाच कापत असल्याने त्याच्या घडीचा अभ्यास रूढ पद्धतींनी करणे अवघड होते. होसूर यांच्या गटाने गुआनिडीन हायड्रोक्लोराइडने त्याची घडी मोडली आणि मग या रसायनाचे प्रमाण कमी करत प्रत्येक टप्प्यावर वर्णपट घेतले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, ६ मोलर इतक्या तीव्र द्रावणातही साखळी पूर्णपणे सैल नसते. जलविरोधी घटकांचे छोटे समूह व रचनेचे तुकडे क्षणभर तयार होत राहतात. साखळ्या जोडणारा भाग, क्रियास्थानावरील झडपांसारखे भाग व त्यांच्या बिजागऱ्या यांत घडीकडे असणारा कल सर्वाधिक दिसून आला. घडीचा आरंभ कोठे होण्याची शक्यता आहे, हे अशा रीतीने घटकागणिक निश्चित करता आले.

दुसरे उदाहरण : अमीबाचे कॅल्शियम-बंधक प्रथिन

एन्टामिबा हिस्टोलिटिका हा परजीवी दूषित पाणी व अन्नावाटे पसरून अमीबाजन्य आव घडवून आणतो. या रोगाच्या प्रक्रियेत सहभाग असल्याचे मानले जाणारे त्याचे एक कॅल्शियम-बंधक प्रथिन १३४ ॲमिनो आम्लांचे आहे. टाटा संस्थेतील के. व्ही. आर. चारी, गिरजेश गोविल व सहकाऱ्यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील आलोक भट्टाचार्य यांच्या सहकार्याने त्याची द्रावणातील रचना २००१ मध्ये प्रसिद्ध केली.

या प्रथिनात दोन गोलसर डोमेन असून प्रत्येक डोमेन कॅल्शियमचे दोन आयन धरतो. दोन्ही डोमेन ८ ॲमिनो आम्लांच्या लवचिक दुव्याने जोडलेले आहेत. डहाणू व तलासरी परिसरातील वारली चित्रांमधील मनुष्याकृतीशी या रचनेची तुलना करता येईल. तेथे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून शरीर रेखाटले जाते. त्रिकोण बदलत नाहीत, परंतु त्यांच्यामधील बारीक कंबरेमुळे आकृती वाकते, वळते, तारप्याच्या नाचात फेर धरते. प्रथिनातही प्रत्येक डोमेनची घडी पक्की आहे, मात्र परस्परांच्या संदर्भात त्यांची दिशा निश्चित नाही.

दिशा निश्चित नसणे हा मोजणीचा दोष कशावरून नाही, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर शिथिलनाच्या मोजमापातून मिळते. रेडिओ लहरींनी विचलित झालेली नायट्रोजनची अणुकेंद्रे किती वेगाने मूळ स्थितीत येतात, यावरून तो भाग स्थिर आहे की हलता, हे कळते. सुव्यवस्थेचा निर्देशांक १ च्या जवळ असेल तर भाग जखडलेला, ० कडे झुकत असेल तर मोकळा. या प्रथिनाच्या दुव्यात हा निर्देशांक कमी आढळला. अर्थात ही लवचिकता खरी आहे. दुव्यातील ६३ व ६७ या स्थानांवरील ग्लायसिन हे तिचे संभाव्य कारण मानले गेले.

कॅल्मोड्युलिन या सुपरिचित प्रथिनाचा इतिहासही असाच आहे. १९८५ च्या स्फटिक-रचनेत त्याचे दोन डोमेन एका लांब, सरळ सर्पिलाने जोडलेले दिसले होते. १९९२ मध्ये एनएमआरने दाखविले की, द्रावणात हे सर्पिल मध्यभागी लवचिक असते. दुवा वाकत असल्यामुळेच दोन्ही डोमेन लक्ष्य-पेप्टाइडला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊ शकतात.

मर्यादा व आजचे स्थान

रेणू जितका मोठा, तितका तो द्रावणात सावकाश फिरतो व त्याचे संकेत रुंदावतात. १९९७ मध्ये आलेल्या ट्रोझी या पद्धतीने ही मर्यादा बरीच पुढे सरकवली असली, तरी ती संपलेली नाही. शिवाय समस्थानिकांचा खर्च मोठा असतो व विश्लेषणास दीर्घ काळ लागतो.

अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने अनुक्रमावरून प्रथिनाची रचना वर्तविण्यात मोठे यश मिळविले असून, २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने त्यावर मोहोर उमटविली आहे. मग एनएमआरची आवश्यकता उरते का? वर्तविलेली रचना प्रामुख्याने पूर्ण घडीचे चित्र देते. घडी पडतानाचे टप्पे, दुव्याची हालचाल व तिचा वेग ही माहिती अद्यापही मोजूनच मिळवावी लागते.

समारोप

एचआयव्ही-१ प्रोटिएजमध्ये मोडलेल्या साखळीतील क्षणिक रचना महत्त्वाच्या ठरल्या, तर अमीबाच्या प्रथिनात घडी नसलेला दुवा. पाठ्यपुस्तकातील स्थिर आकृतीत यांपैकी काहीच दिसत नाही. म्हणून पदवी स्तरावर प्रथिन शिकवताना रचनेबरोबर गतीचाही परिचय करून देणे अगत्याचे आहे. त्यासाठी महागडे उपकरण महाविद्यालयात असण्याची गरज नाही. प्रथिनांच्या रचना व एनएमआरची मोजमापे आंतरराष्ट्रीय माहितीपेढ्यांत विनामूल्य उपलब्ध आहेत. एकाच प्रथिनाच्या वीस-पंचवीस एनएमआर रचना संगणकाच्या पडद्यावर एकमेकींवर ठेवल्या, तर कोणता भाग जुळतो व कोणता पसरतो, हे आशागडसारख्या गावातून येणारा विद्यार्थीही स्वतः पाहू शकतो. पसरणारा भाग म्हणजे चित्रातील त्रुटी, असे त्याला प्रथम वाटेल. तो रेणूचा गुणधर्म असू शकतो आणि ते शिथिलनाच्या मोजमापाने तपासता येते, हे त्याला समजावून देणे हे अध्यापकाचे काम होय.