कुंपणापार, भाग ६ : सातशे पंधरावा

मागच्या भागात बेब रूथची कारकीर्द ७१४ होम रनवर संपली. १९३५ सालचा तो आकडा पुढे एकोणचाळीस वर्षं कुणाच्या हाती लागला नाही. तो ज्याने मागे टाकला, त्या हँक ॲरनची ही हकीकत.

होम रन म्हणजे षटकार, असं सोपं करून सांगितलं जातं. पण इथे, बेसबॉलमध्ये, चेंडू टप्पा न पडता अंगावर येतो, बॅट दांडक्यासारखी गोल असते आणि फलंदाजाची पाळी सामन्यात जेमतेम चार-पाच वेळा येते. एवढ्यात चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडायचा. ॲरनने हे ७५५ वेळा केलं.

१९३४ साली अलाबामातल्या मोबीलमध्ये तो जन्मला. घरची गरिबी. झाडूच्या दांड्याने बाटल्यांची बुचं टोलवत तो शिकला, तेही दोन्ही हात उलटे धरून. उजव्या फलंदाजाचा डावा हात मुठीशी आणि उजवा त्याच्या वर असायला हवा. याचं नेमकं उलट. पकड पुढे सुधारली, पण त्या खेळातून आलेली मनगटं कायम राहिली. तो काही धिप्पाड नव्हता. चेंडू अगदी जवळ येईपर्यंत थांबायचं आणि शेवटच्या क्षणी मनगटांनी बॅट फिरवायची, हेच त्याचं बळ.

१९५२ साली तो इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघात होता. वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात संघाचं जेवण झालं आणि मागे स्वयंपाकघरात, काळ्या माणसांनी वापरली म्हणून, त्यांची ताटं फोडल्याचा आवाज आला. तो आवाज त्याच्या कानांतून कधीच गेला नाही.

१९५४ मध्ये तो मिलवॉकी ब्रेव्ह्जकडून खेळू लागला. रूथने एका हंगामात ६० होम रन मारले होते. ॲरनने कधी ५० सुद्धा गाठले नाहीत, सर्वाधिक ४७. पण १९५५ पासून सलग वीस हंगाम त्याचे दरवर्षी किमान २० होम रन आहेतच. मला तर ॲरनची थोरवी त्या ४७ पेक्षा या वीस वर्षांत दिसते.

१९७३ चा हंगाम संपला तेव्हा तो ७१३ वर होता. त्या वर्षी त्याला सुमारे ९ लाख ३० हजार पत्रं आली. कौतुकाची पुष्कळ होती, पण गोऱ्या रूथचा विक्रम काळ्या माणसाने मोडू नये म्हणून जिवे मारण्याच्या धमक्याही त्यांत होत्या. ती पत्रं त्याने जपून ठेवली.

८ एप्रिल १९७४, ब्रेव्ह्जचं नवं गाव अटलांटा. तोवर ७१४ ची बरोबरी झाली होती. चौथ्या डावात प्रतिस्पर्धी डॉजर्सच्या अल डाउनिंगचा चेंडू त्याने डाव्या बाजूच्या कुंपणापार पाठवला. तो बेसची फेरी मारत असताना दोन तरुण प्रेक्षक मैदानात घुसून त्याच्याजवळ धावत आले. त्याच्या अंगरक्षकाकडे पिस्तूल होतं. हे शत्रू की चाहते, हे त्याला क्षणात ठरवायचं होतं; त्याने पिस्तूल काढलं नाही. तरुणांनी ॲरनची पाठ थोपटली आणि ते बाजूला झाले. फेरी जिथे संपते त्या होम प्लेटपाशी आई एस्टेला आली आणि तिने त्याला घट्ट मिठी मारली. सारं स्टेडियम उभं होतं, टाळ्या थांबत नव्हत्या. ॲरन म्हणाला, संपलं एकदाचं, देवाचे आभार.

शेवटचा, ७५५ वा होम रन त्याने १९७६ साली पुन्हा मिलवॉकीतच मारला, आता ब्रूअर्स संघाकडून. त्याच्या एकूण हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, ३७७१. सगळे होम रन वजा केले तरी ३०१६ उरतात.

पुढच्या भागात : बॅरी बॉन्ड्स आणि २००७ चा ऑगस्ट.