आधी पाण्याला वाट, मग डंपरला
दगड ते खडी : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण दगडखाणीत बेंच, म्हणजे कातळाच्या पायऱ्या, कसे पाडतात ते पाहिले. सुरुंग उडाला, पोकलेनने डबर डंपरमध्ये भरले. आता ते क्रशरपर्यंत न्यायचे. त्यासाठी केलेला कच्चा रस्ता कुठल्या नकाशावर नसतो, पण पावसाळ्यात खाण चालणार की बसणार हे तोच ठरवतो.

नंदुरबार जिल्हा कोळशाचा किंवा लोखंडाचा नाही. इथला माल म्हणजे काळा बेसाल्ट. उभ्या भेगांत गोठलेल्या लाव्ह्याच्या भिंती, ज्यांना भूवैज्ञानिक डाइक म्हणतात, त्या नंदुरबार-धुळे पट्ट्यात दोनशेहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. आजूबाजूचा ठिसूळ थर झिजून गेला की चिवट डाइक लांबट टेकडीसारखा उरतो. पायथ्याला, तापीच्या खोऱ्यात, काळी माती. म्हणजे गाडी निघते कातळावरून आणि उतरते अशा मातीवर, जी भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमने रस्त्याचे गणित साधे करून टाकले: भार शेवटी खालची जमीनच पेलते, तेव्हा ती कोरडी ठेवा. खाणीतल्या रस्त्यालाही हेच लागू. म्हणून काळी माती असेल तिथे आधी ती खरवडून काढायची, मुरुमाचे थर पाणी मारून रोलरने दाबायचे, वर डबराचे सोलिंग, त्यावर खडी आणि फटी बुजवायला क्रशरची कच. सगळा माल खाणीतलाच. खर्च होतो तो डिझेलचा आणि मजुरीचा.

हा खर्च टाळला तर तो इंजिनातून वसूल होतो. ढोबळ नियम असा की टायर एक सेंटीमीटर रुतला की चढ सुमारे ०.६ टक्क्याने वाढल्यासारखा होतो. खाणसुरक्षेच्या नियमांत चढाची सर्वसाधारण मर्यादा १६ला १, म्हणजे ६.२५ टक्के. पाच सेंटीमीटरची चाकोरी पडली की भरलेल्या गाडीला तोच चढ सव्वानऊ टक्क्यांचा होतो.

आता पाणी. सपाट रस्त्याला मध्ये फुगवटा दिला की ते दोन्हीकडे उतरते. रॅम्पवर, म्हणजे खाणीच्या उतरत्या रस्त्यावर, तसे होत नाही. रस्ता ६.२५ टक्क्यांनी उतरतो आणि आडवा ढाळ ३ टक्के आहे, असे धरा. १२ मीटर रुंदी ओलांडेपर्यंत पाणी २५ मीटर खाली सरकलेले असते. तेवढ्यात त्याला चाकोरी सापडली, तर ते कडेला जातच नाही. चाकोरीचाच नाला होतो आणि कच धुऊन जाऊन नुसते डबर उघडे पडते. त्याची धार टायरला कापते. म्हणून रॅम्पचा ढाळ पूर्ण डोंगराच्या बाजूला ठेवतात, तिथे चर खणतात आणि ठराविक अंतरावर पाइपाची मोरी टाकून पाणी पलीकडे काढतात. मोरीच्या तोंडाशी दगडांचे पिचिंग हवेच, नाहीतर पडणारे पाणी भरावच पोखरते.

दरीच्या बाजूला मातीचा बांध असतो, गाडी घसरली तर अडावी म्हणून. अमेरिकेतल्या नियमानुसार त्याची उंची किमान सर्वांत मोठ्या गाडीच्या आसाइतकी लागते. पण सलग बांध पाणीही अडवतो. ढाळ नीट नसलेल्या जागी त्याच्या आत डबके साचते, कड भिजते आणि ज्या बांधाने गाडी वाचवायची तोच कडेसकट खचतो. त्यामुळे बांधात निचऱ्याच्या फटी ठेवाव्यात. मात्र चाक जाईल एवढ्या रुंद नकोत.

वरच्या टेकाडाचे पाणी खाणीत येऊच नये म्हणून काठाभोवती चर मारतात. तरी पाऊस खड्ड्यात पडणारच. तळाचा उतार रॅम्पच्या पायथ्यापासून दूर, एका कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे द्यावा आणि तिथे पंप बसवावा. ते गढूळ पाणी थेट नाल्यात सोडले तर कच खालच्या शेतात जाऊन बसते आणि शेतकऱ्याशी भांडण ठरलेले. आधी ते गाळ बसायच्या तळ्यात थांबवायचे.

मे महिन्यात ग्रेडर फिरवून चर उपसले की काम झाले, असा समज असतो. खरी तपासणी पहिल्या मोठ्या पावसात होते. मुकादमाने गाड्या थांबवून, पाऊस चालू असतानाच रस्ता वरून खाली चालत पाहावा. पाणी जिथे वाट सोडते तिथे चुना टाकून खूण करावी. खूण नसेल तर पाऊस उघडल्यावर त्या जागा सापडत नाहीत; असली तर पुढच्या सरीआधी दुरुस्ती अर्ध्या दिवसात उरकते. तीच जागा ऑगस्टपर्यंत राहिली तर रस्ता नव्याने बांधावा लागतो.

(पुढील आठवड्यात : क्रशरचा जबडा)