काका, जिना चढता का?

“काका, गेल्या चार आठवड्यांत छातीत कितीदा दुखलं?”

“एकदाही नाही.”

सीवूड्समधल्या एका हृदयरोग दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी घेणारी ती मुलगी तेवढ्यावर पुढच्या प्रश्नाकडे वळली नाही. “कितव्या मजल्यावर राहता?”

“अकराव्या. लिफ्ट आहे ना!”

“आणि बंद पडली तर?”

“खाली बाकावर बसतो, चालू होईपर्यंत.”

मग एकेक बाहेर येऊ लागलं. भाजी मुलगा आणतो. स्टेशनावर फक्त सरकता जिना. सकाळचा फेरफटका पाम बीच रोडलगतच्या सपाटीवर, तोही मित्रांच्या मागून, सावकाश. नातवाला उचलणं कधीच सुटलंय. “वयाप्रमाणे होतंच की,” काका म्हणाले.

स्थिर अंजायनाचं लक्षणच असं फसवं. ठरावीक श्रम झाले की छाती भरून येते. थांबलं किंवा जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवली की काही मिनिटांत ओसरते. म्हणून माणूस श्रमच टाळतो, आणि कागदावर ठणठणीत दिसतो.

मुलीच्या हातातली सिॲटल प्रश्नावली जगभरच्या अभ्यासांत वापरतात. प्रश्न १९. त्यात बागकामाबद्दलही विचारतात. सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये बाग म्हणजे खिडकीतली तुळस! पण एक पर्याय मोलाचा आहे: इतर कारणाने जमत नाही, किंवा हे काम केलंच नाही. काकांच्या जिन्यासमोर तिने तीच खूण केली.

एवढी चिकाटी कशासाठी? कारण या आजारात उपचार फळला की नाही, हे बरंचसं रुग्णाच्याच तोंडून कळतं. आपल्याकडे मात्र घरचे पहिल्यांदा विचारतात, “ब्लॉकेज किती टक्के?” पण ते ब्लॉकेज उघडून साधतं काय? २००७च्या ‘करेज’ अभ्यासात २,२८७ रुग्ण होते; चांगल्या औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने मृत्यू वा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. २०२०च्या ‘इस्केमिया’तही, ५,१७९ रुग्णांत, सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास करण्याने त्यांत फरक पडला नाही, वारंवार दुखणाऱ्यांना आराम मात्र जास्त मिळाला. त्या अभ्यासात भारतातले रुग्णही होते.

मग तो आराम स्टेंटचा की ‘आपलं काहीतरी केलं’ या दिलाशाचा? ब्रिटनमधल्या ‘ऑर्बिटा’ने २०१७मध्ये हेच तपासलं. २०० पैकी साधारण निम्म्या रुग्णांना स्टेंट घातला, उरलेल्यांवर प्रक्रियेचा नुसता देखावा केला. आपण कुठल्या गटात, हे कोणालाच सांगितलं नव्हतं. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवरच्या वेळेत दोन्ही गटांमधला फरक १६.६ सेकंदांचा, संख्याशास्त्राच्या हिशेबात न धरण्याजोगा. पण त्यांची औषधं जोरात चालू होती. २०२३च्या दुसऱ्या ‘ऑर्बिटा’त ३०१ रुग्णांची अंजायनाची औषधं थांबवली आणि दुखण्याची नोंद त्यांनी स्वतः रोज मोबाइलवर केली. तिथे स्टेंटने दुखणं खरोखर कमी झालं, तरी सगळ्यांचं पुरतं गेलं नाही.

म्हणजे निवड बरीचशी रुग्णाच्या हातात आहे, पण ती करायला त्याचं उत्तर खरं हवं. डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या फायलीसोबत एक कागद न्या: वर्षभरात छातीमुळे काय काय करणं सोडलं, ते त्यावर लिहा. आणि बसल्याजागी दुखू लागलं, पूर्वीपेक्षा कमी श्रमात दुखू लागलं किंवा गोळीने थांबेना, तर तो अंजायना स्थिर राहिलेला नाही. तेव्हा कागद लिहीत बसू नका; १०८ला फोन करा.