एक्स-रे वाचणाऱ्यांचे डोळे

लोणीचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झालं, तेव्हा एक्स-रेची फिल्म धुऊन, वाळवून उजेडाच्या पेटीवर लावत. आता लोणीच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही रेडिओलॉजिस्टचा दिवस पडद्यासमोर जातो.

मनगटाच्या हाडातली केसाएवढी चीर म्हणजे करड्या रंगाच्या दोन छटांमधला किंचित फरक. साध्या मॉनिटरवर तो सहज विरून जातो. म्हणून निदानाच्या पडद्याची कमाल प्रखरता कमीत कमी ३५० कँडेला प्रति चौरस मीटर हवी, मॅमोग्राफीसाठी ४२०, असं अमेरिकी रेडिओलॉजी संघटना सांगते. कोट्यवधींचं एमआरआय यंत्र घेऊन मॉनिटरवर काटकसर करणं मला पटत नाही; शेवटी रोग दिसायचा तो तिथेच.

थकवा मात्र चांगल्या पडद्यावरही येतो. टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. संशोधक एलिझाबेथ क्रुपिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० डॉक्टरांनी हाडांचे एक्स-रे कामाआधी आणि दिवसभराच्या कामानंतर वाचले. नंतरच्या वाचनात फ्रॅक्चर ओळखण्यातली अचूकता घटली, जवळ नजर स्थिरावणंही अवघड झालं.

एक्स-रे वाचायच्या खोलीत मिट्ट काळोख नको, खिडकीची तिरीपही नको. २५ ते ५० लक्सचा मंद उजेड पुरतो. पडदा जुना होतो तशी प्रखरता उतरते, ती अधूनमधून मोजून जुळवून घ्यावी लागते.